निवटीचा डोळा

माणिक टिपणीसला राग लवकर येत नसे, पण आला की मुक्कामालाच येई. शाळेत असताना शेजारच्या प्रेमा नावाच्या मुलीनं तिच्या मोराच्या चित्रावर मुद्दाम शाई सांडली होती. माणिक तेव्हा एक शब्द बोलली नाही. पुढे काही वर्षांनी प्रेमाला बघायला पाहुणे आले, तेव्हा माणिकनं गॅलरीतून मोठ्यानं विचारलं, "प्रेमा, खोकला थांबला का गं? औषध चालू आहे ना अजून?" प्रेमाला कसलाही खोकला नव्हता. पण ते दिवस क्षयाला घाबरण्याचे होते. पाहुण्यांनी पोहे अर्धवट टाकले आणि निघाले.

माणिकची धाकटी बहीण कुंदा ही गोष्ट पुढे हसत हसत सांगायची. माणिक हसत नसे. "तिनं माझ्या मोराची वाट लावली होती," एवढंच म्हणे.

टिपणीस मंडळी मुलुंडला पाच रस्त्यांजवळ दोन खोल्यांत राहायची. वडील रेल्वेच्या कचेरीत होते. ते गेले तेव्हा माणिक बी.एस्सी.ला होती. कुंदा लग्न होऊन बोरिवलीला गेली आणि घरात आई आणि माणिक अशा दोघीच उरल्या. माणिकनं प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि १९५३ साली मुलुंडच्याच कृष्णाबाई विज्ञान मंदिरात ती डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली. मिठाच्या एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं काढलेलं ते लहानसं कॉलेज. प्रयोगशाळेच्या खिडक्या पूर्वेला. समोर मिठागरं आणि त्यापलीकडे खाडीचा चिखल. उन्हाळ्यात मिठाच्या राशींवरून इतकी तिरीप यायची, की सकाळीच पडदे ओढून घ्यावे लागत.

विभागाचे प्रमुख होते डॉ. विद्याधर नाबर. उंच, गोरे, बोलायला अतिशय गोड. बेडकाचं हृदय कसं धडधडतं हे ते असं सांगत, की मागच्या बाकावरची पोरंही पुढे सरकत. कॉलेजातला एकमेव चांगला मायक्रोस्कोप त्यांच्या कपाटात कुलपात असे. माणिकचं काम पाहून त्यांनी त्या कपाटाची किल्ली तिला दिली. "तुमच्या हातात देव आहे, माणिकबाई," असं ते चारचौघांत म्हणाले होते. त्या दिवशी माणिकनं घरी येऊन आईला ते दोनदा सांगितलं. नाबरसरांसाठी तिनं तेव्हा काहीही केलं असतं.

कॉलेजला बेडूक आणि मासे पुरवायला भांडुपचा दशरथ यायचा. खाडीकाठचाच माणूस. चिखलात गुडघाभर उतरून निवट्या पकडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलावर उड्या मारत फिरणारा बोटभर मासा, डोक्यावर बेडकासारखे वर आलेले डोळे. एकदा माणिक त्याच्याबरोबर बांधावरून गेली. तिची सावली चिखलावर पडायचा अवकाश, की पन्नास पावलांवरच्या निवट्या फटाफट बिळांत गेल्या.

"बाय, मागं सर," दशरथ म्हणाला. "हिचे डोले बघ. पाठीमागचा पन दिसतं हिला."

"पण सावली तर फिकट होती. ढग होते वर."

"फिकट असूं दे नाहीतर काली असूं दे. कड हलली ना, की तिला समजतं."

कड हलली की समजतं. हे शब्द माणिकच्या डोक्यात बसले. नुसता उजेड-अंधार नाही, तर कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते तिला आधी दिसतं. कसं?

त्यासाठी ती दर शनिवारी फोर्टातल्या ग्रंथालयात जाऊन परदेशी नियतकालिकं वाचायला लागली. डोळ्याच्या मागच्या पडद्यात पेशींचे थर असतात, हे तिला ठाऊक होतंच. एका थरातल्या पेशी उजेड पकडतात. त्या मधल्या पेशींना निरोप देतात, मधल्या पेशी शेवटच्या थराला, आणि शेवटच्या पेशींच्या लांब दोऱ्या मेंदूपर्यंत जातात. एका पेशीचं टोक दुसरीला जवळजवळ टेकतं, मध्ये बारीक फट राहते आणि ती फट ओलांडून निरोप जातो. एवढं पुस्तकातलं. पण आता तिनं नवीन काही वाचलं. कुणीतरी मांजराच्या डोळ्यात उजेडाचा बारीक ठिपका टाकला होता, आणि मेंदूकडे जाणारी एक पेशी विजेचे भराभर ठोके द्यायला लागली होती. मग त्या ठिपक्याभोवती उजेडाचं कडं टाकलं, तर तीच पेशी गप्प झाली. शेजारी उजेड आला म्हणून ही गप्प! म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांत काहीतरी बोलणं चाललेलं असतं. त्यामुळेच जिथे उजेड बदलतो ती कड उठून दिसते, आणि जिथे सगळं सारखं असतं तिथे पेशी उगाच ओरडत बसत नाहीत.

"मग 'गप्प बस' हा निरोप बाजूला नेतं कोण?" तिनं नाबरसरांना विचारलं. त्यांच्या टेबलावर तिनं कागद पसरला. "पडद्यात काही पेशी आडव्या पसरलेल्या असतात, सर. कोळ्याच्या जाळ्यासारखे हात असतात त्यांना. त्यांचं काम काय, यावर अजून एकमत नाही. मला वाटतं, त्याच नेत असतील. आणि निवटीत त्या चांगल्या मोठ्या असणार. मी बघू का?"

नाबरांनी चष्मा काढला. "बघा. जरूर बघा."

दोन वर्षं तिनं दुसरं काही केलं नाही. निवटीचा डोळा काढायचा, त्यातला पडदा मिठाच्या पाण्यात अलगद सोलून घ्यायचा. ओल्या कांद्याच्या पापुद्र्याहून तो नाजूक. त्याला मिथिलीन ब्लू या रंगाच्या अगदी सौम्य पाण्यात ठेवायचं आणि वारा लागू द्यायचा. हळूहळू शंभरातली एखादी पेशी निळी व्हायची, बाकीच्या पारदर्शक राहायच्या. रंग उडायच्या आत तो पक्का करायचा. दहांतले आठ पडदे वाया जात. पण जो साधे, त्यात निळ्या चांदण्यांसारख्या आडव्या पेशी दिसत, हात चहूकडे पसरलेल्या. माणिक त्या पाहून शाईनं काढत असे. किती दूरवरच्या उजेडपेशींशी एका आडव्या पेशीचा संबंध येतो, हे तिनं मोजलं होतं, आणि त्यावरून आपला तर्क नीट मांडून सरांना दिला होता.

१९५६ साली तो निबंध छापून आला. प्रती घेऊन शिपाई आला तेव्हा माणिक बाटल्या धूत होती. तिनं हात पुसून वरची प्रत उघडली. लेखक म्हणून दोन नावं होती. डॉ. विद्याधर नाबर आणि मधुकर पै. मधुकर हा सरांच्या बहिणीचा मुलगा, गेल्याच वर्षी विभागात आलेला, हसतमुख आणि आळशी. आतली चित्रं सगळी माणिकची. तर्क माणिकचा. वाक्यंसुद्धा बरीचशी तिचीच. शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत होतं: चित्रांत शाई भरण्यास मिस टिपणीस यांची मदत झाली.

ती तशीच ओल्या हातांनी सरांच्या खोलीत गेली.

"सर, माझं नाव?"

"आहे की शेवटी."

"शाई भरण्यास?"

नाबर रागावले नाहीत. ते रागावले असते तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. त्यांनी तिला समजावलं, एखाद्या विद्यार्थिनीला समजवावं तसं. "माणिकबाई, तुमचा हात छान आहे, ते मी कधी नाकारलं? पण शोध हे डोक्याचं काम आहे. विभागात जे डोकं चालतं ते प्रमुखाचं. सगळीकडे हीच रीत आहे. तुम्ही हातानं काम करा, डोक्याचं आमच्यावर सोडा."

महिन्याभरात लेक्चररची रिकामी जागा मधुकरला मिळाली. छापलेला निबंध होता ना त्याच्या नावावर.

कुंदा माहेरी आली होती. तिनं ऐकलं आणि ती भडकली. "सोड ती नोकरी! पार्ल्याला, अंधेरीला शाळा आहेत, कुठेही लागशील. त्या माणसाचं तोंड तरी कशाला बघायचं?"

"सोडून जाऊ आणि त्याला मोकळा करू?" माणिक भाजी निवडत होती. "नाही गं. मी आता तिथेच राहणार."

"आणि काय करणार?"

"शाई भरणार."

आईनं आतून हाक मारली, "माणिक, असं बोलू नकोस. मला भीती वाटते तुझी."

माणिक कॉलेजात पूर्वीसारखीच वागू लागली. पूर्वीपेक्षाही चांगली वागू लागली म्हटलं तरी चालेल. मधुकरला तिनं स्लाइडी कशा करायच्या ते शिकवायला घेतलं आणि तो कंटाळल्यावर त्याच्या वाटच्या करून दिल्या. सरांना चहात आलं आवडतं म्हणून ती घरून किसून नेई. नाबरांना वाटलं, बाई समजूतदार निघाली. त्यांनी कपाटाची किल्ली तिच्याकडेच राहू दिली.

संधी कशी येईल हे तिला माहीत नव्हतं. पण ती चिखलातूनच आली.

निवटीचा पडदा रंगात जरा जास्त वेळ राहिला, की एक विचित्र गोष्ट दिसायची. आडव्या पेशींचे हात शेजारच्या पेशींच्या हातांत मिसळून जायचे. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते सांगता येत नसे. सगळा थर एकच निळी चादर वाटायचा. कमी वेळ रंगवलेल्या पडद्यांत मात्र हातांची टोकं सुटी दिसायची. माणिकनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा भिंग पुसून पुन्हा पाहिलं. निरोप फट ओलांडून न जाता पाण्यासारखा सरळ वाहत असेल तर? मग ती ग्रंथालयात गेली. तिथे तिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं काढलेली नवीन छायाचित्रं सापडली. जिथे जिथे पाहिलं होतं तिथे तिथे दोन मज्जापेशींच्या मध्ये फट होती. प्रत्येक पेशीला स्वतःची त्वचा, स्वतःची हद्द. जाणकारांनी निकाल दिला होता.

म्हणजे तिच्या स्लाइडींतली ती चादर खोटी. रंग पाझरल्यामुळे झालेली चूक. कॉलेजच्या त्या खिडकीपाशी बसून तिनं हे मनाशी पक्कं केलं आणि तिला आनंद झाला. शोध लागल्यावर व्हावा तसा तो आनंद नव्हता. प्रेमाच्या घरचे पाहुणे जिना उतरताना दिसले होते, तेव्हा झाला होता तसा होता.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना तिनं सुट्या टोकांच्या स्लाइडी एकेक करून बेसिनमध्ये फोडल्या. काच बारीक आणि नळ चालू. फोडताना बोट कापलं, तर रक्त चोखत तिनं उरलेल्या फोडल्या. मग चादरीच्या स्लाइडी ट्रेमध्ये नीट लावून ती सरांच्या खोलीत गेली.

नाबर बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "हे तर... सगळ्या एकमेकींत मिसळल्यात!"

"हो ना, सर."

"फट नाहीच?"

"मला नाही दिसली."

ते खोलीत फेऱ्या मारू लागले. विद्वान माणूस होता, मूर्ख नव्हता. दाराशी थांबून त्यांनी वळून विचारलं, "माणिकबाई, रंगाचा दोष तर नाही ना? कमी वेळ ठेवून पाहिलंत?"

त्या क्षणी ती सांगू शकली असती. एका वाक्यात सगळं वाचलं असतं, त्यांचंही आणि पुढे तिचंही. तिनं कापलेलं बोट पदराखाली घेतलं.

"सगळ्या स्लाइडींत असंच आहे, सर. हव्या तर ट्रेमधल्या तपासून घ्या."

"तुमचं काय मत?"

"मत तुमचं. माझा नुसता हात."

नाबर हसले. त्यांना तो विनय वाटला.

१९५८च्या हिवाळ्यात विलेपार्ल्याच्या एका सभागृहात मुंबई-पुण्याच्या प्राणिशास्त्रवाल्यांचा मेळावा भरला. नाबरांचं व्याख्यान मुख्य. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी वसुधाबाई नवीन शालू नेसून बसल्या होत्या. संस्थेचे विश्वस्त आले होते. माणिक शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. मुलुंडहून ट्रे मांडीवर घेऊन तीच आली होती.

नाबर त्या दिवशी फार सुंदर बोलले. निवटीच्या डोळ्यातल्या आडव्या पेशी वेगवेगळ्या नाहीतच, ती एक अखंड चादर आहे, असं त्यांनी सांगितलं. एका टोकाला उजेड पडला की त्याची खबर अडथळ्याशिवाय साऱ्या चादरीत पसरते. मज्जापेशी सुट्या असतात हा सिद्धांत निदान या एका ठिकाणी तरी पुन्हा तपासावा लागेल. टाळ्या पडल्या. मधुकर पुढे बसून सर्वांत जोरात वाजवत होता.

मग डॉ. अनंत धारप उभे राहिले. स्वीडनमध्ये बरीच वर्षं राहून आलेला, डोळ्याच्याच अभ्यासातला माणूस. त्यांचा आवाज खाली होता, म्हणून सभागृह एकदम शांत झालं.

"चित्रं अप्रतिम आहेत. मला एकच विचारायचंय. पडदा रंगात किती वेळ होता?"

नाबर म्हणाले, "नेहमीच्या रीतीनं."

"कमी वेळ ठेवल्यावरही हात जोडलेलेच दिसतात? कारण रंग पाझरला की हे असं दिसतं. आम्ही सगळ्यांनीच विद्यार्थी असताना ही चूक केलीये." लोक हसले, जरा मायेनंच. "वेळ बदलून पाहिलीत ना तुम्ही?"

नाबरांनी मधुकरकडे पाहिलं. मधुकरनं छताकडे. मग नाबरांची नजर सगळ्या रांगांवरून मागे आली.

"हे काम... आमच्या मिस टिपणीस... माणिकबाई, सांगा ना यांना. तुम्ही वेळ बदलून पाहिली होती ना?"

सगळ्या माना वळल्या. माणिक उठली. नऊवारी पातळाचा पदर तिनं खांद्यावरून घेतला आणि सावकाश, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं बोलली.

"मी नुसती शाई भरते, साहेब. डोक्याचं काम सरांचं. ते त्यांनाच विचारा."

आधी कुणालाच समजलं नाही. मग मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू रांगांमागून रांगांत पुढे गेलं. नाबर काहीतरी बोलू लागले, थांबले, पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला. धारप चुळबुळत म्हणाले, "असू दे, असू दे, आपण नंतर बोलू." वसुधाबाई मान वळवून माणिककडे पाहत होत्या. माणिकनं नजर हटवली नाही.

पुढचं लवकर झालं. नाबरांनी चादरीवरचा निबंध मागे घेतला आणि चूक झाल्याचं लिहून दिलं. विश्वस्तांना विज्ञान कळत नव्हतं, हसू कळत होतं. मुलांपर्यंत गोष्ट पोचायला वेळ लागला असता, पण माणिकनं प्रॅक्टिकलच्या तासाला चार मुलींना सहज सांगितली. आठवड्यात सर वऱ्हांड्यातून निघाले की कोपऱ्यातून आवाज यायचा, "चादर आली रे, चादर!" बेडकाच्या हृदयावर व्याख्यान देताना त्यांचा आवाज बसायला लागला. वर्षभरात त्यांनी राजीनामा दिला. मधुकर एका औषध कंपनीत लागला आणि तिथे तो सुखी झाला असं म्हणतात.

लेक्चररची जागा माणिकला मिळाली. कुंदा पेढे घेऊन आली. "जिंकलीस गं बाई! आता तरी त्या माणसाला मनातून काढून टाक."

"का काढू?" माणिक म्हणाली. "मला आवडतो तो तिथे."

खोटं नव्हतं. बसल्या बसल्या ती तो प्रसंग आठवायची. पेला उचलून खाली ठेवणारा हात आठवायची. स्वतःचं संशोधन पुन्हा सुरू करायचं ती ठरवायची, पण निवटीचा पडदा सोलायला बसली की तिचं मन त्या सभागृहात जायचं आणि पडदा फाटायचा. मग तिनं ते सोडलं. दशरथ एकदोनदा निवट्या घेऊन आला, "बाय, मोठ्या गावल्यात," म्हणाला. तिनं त्या घरी नेऊन कालवण केलं.

अशी काही वर्षं गेली. आई गेली. साठ साल मागे पडून बराच काळ झाला होता, तेव्हा कॉलेजच्या नवीन ग्रंथालयात तिनं एक परदेशी नियतकालिक चाळायला घेतलं आणि एका पानावर ती थांबली. माशांच्या डोळ्यातल्या आडव्या पेशींचं चित्र होतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचंच, पण पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक दिसणारं. शेजारशेजारच्या आडव्या पेशी जिथे भेटतात तिथे फट जवळजवळ नव्हतीच. त्वचेला त्वचा चिकटलेली. दुसऱ्या कुणी विजेचं मोजमाप केलं होतं. एका पेशीत आलेली लहर शेजारणीत, तिच्यातून तिच्या शेजारणीत सरळ जात होती. बहुतेक मज्जापेशींत फट असते हे खरंच होतं. पण इथे, नेमक्या याच पेशींत, निरोप वाहत जात होता.

तिनं ते पुन्हा वाचलं. चुकीची तर ती फोडलेली टोकं होती. रंग पुरता पोचलाच नव्हता म्हणून सुटी दिसणारी. जे खोटं समजून तिनं त्या माणसाच्या हातात दिलं होतं, ते खरं होतं. जगात ते सर्वांत आधी तिला दिसलं होतं, मुलुंडला, मिठागराच्या खिडकीपाशी. आणि तिनं ते हत्यार म्हणून वापरलं होतं.

रविवारी ती पार्ल्याला गेली. नाबरांचं घर तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण पत्ता पाठ होता. वसुधाबाईंनी दार उघडलं, ओळखलं, आणि बाजूला झाल्या. "आहेत आत," एवढंच बोलल्या.

नाबर आरामखुर्चीत होते. खूप वाळले होते. "बसा, माणिकबाई."

ती बसली नाही. पिशवीतून नियतकालिक काढून तिनं त्यांच्या मांडीवर पान उघडून ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिले. त्यांचं बोट त्या चित्रावरून पुढे-मागे फिरत होतं.

"मी बरोबर होतो," ते अखेर म्हणाले.

"हो. आणि तुम्ही लिहून दिलंत की मी चुकलो. एका हसण्याला भिऊन." हे वाक्य तिनं मुलुंडपासून घोळवत आणलं होतं. "तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम आले."

तिला वाटलं, आता ते रडतील, आणि तेच बघायला ती आली होती. पण त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"सुट्या टोकांच्याही स्लाइडी होत्या ना तुमच्याकडे?"

तिनं पिशवीचे बंद सारखे केले.

"मला नंतर वाटलं होतं तसं. तुमचा हात इतका चांगला, की एवढ्या कामात एकच गोष्ट दिसणं शक्य नव्हतं. कुठे गेल्या त्या?"

"फोडल्या."

"अस्सं." त्यांनी मान हलवली. "मी तुमचं काम माझ्या नावावर केलं, ते खरंच आहे. त्याची भरपाई मी केलीये, माणिकबाई, रोज केलीये. पण मी निदान त्या चित्रावर विश्वास ठेवला होता. तुम्ही तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतंत. तुम्ही का नाही ठेवलात?"

वसुधाबाई चहा घेऊन आल्या. माणिकनं कप घेतला नाही.

"बाहेर कुणाला सांगाल का," नाबर म्हणाले, "की मी चुकलो नव्हतो?"

"नाही सांगणार."

"का?"

"कारण ते तुमचं नव्हतं."

"मग तुमचं होतं?"

माणिकनं त्यांच्या मांडीवरचं नियतकालिक उचललं, मिटलं आणि पिशवीत घातलं. जिन्यात वसुधाबाई मागून आल्या. "रात्र रात्र बसून हिशेब लावायचे, कुठे चुकलो म्हणून," त्या हळूच म्हणाल्या. "आता झोपतील, नाही का?" माणिक जिना उतरू लागली. तिला त्या बाईचाही राग आला, की त्यांनी हे विचारलं.

कुंदाला तिनं हे सगळं सांगितलं, पण नाबरांचा 'तुम्ही का नाही विश्वास ठेवलात' हा प्रश्न गाळून. तो पुढे कित्येक वर्षांनी, स्वतःच्या आजारपणात, एकदाच सांगितला. "काय उत्तर होतं मग?" कुंदानं विचारलं. माणिक म्हणाली, "मला आलेला त्याचा राग जास्त खरा वाटायचा, डोळ्यांनी दिसलेल्यापेक्षा."

माणिक पार्ल्याला जाऊन आली त्याच साली, दिवाळीच्या सुमारास नाबर गेले. निरोप मधुकरनं कॉलेजात फोन करून दिला. माणिक प्रॅक्टिकलची परीक्षा घेत होती. तिनं फोन खाली ठेवला तेव्हा जवळच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, कोण गेलं?"

"माझे सर," माणिक म्हणाली. मग त्या मुलीच्या बेडकाकडे पाहून, "अगं, टाचणी इथे नाही लावायची," असं म्हणत तिनं स्वतः ती काढली आणि योग्य जागी टोचून दाखवली.